स्वस्तातले दोन शहाणे

कॉम्प्युटरच्या दुकानात जो सर्वांत कमी पैसे घेऊन येतो, तोच सर्वांत जास्त वाद घालतो. महागातला प्रोसेसर घेणारा गिऱ्हाईक बोट दाखवतो, कार्ड देतो आणि खोकं काखोटीला मारून निघून जातो. बजेटवाला मात्र आठवडाभर तक्ते वाचून आलेला असतो आणि दोनशे रुपयांच्या फरकासाठी तत्त्वज्ञान मांडतो. अशा वादांत दहा-बारा वर्षांपूर्वी गाजलेली जोडी म्हणजे इंटेलचा पेंटियम जी३२५८ आणि एएमडीचा ॲथलॉन एक्स४ ८६०के. दोघेही २०१४ सालचे, दोघांचा भाव थोड्याफार फरकाने सारखा, आणि दोघांचाही वेग मालकाने हवा तसा वाढवावा अशी कंपनीचीच परवानगी. आता हे दोघे जुन्या बाजारात पडून असतात, वाद मात्र अजून ताजा आहे. माझा निकाल आधीच सांगून टाकतो: पेंटियम जिंकला, पण स्वतःच्या कर्तबगारीवर नाही. ज्या सॉकेटात तो बसायचा, त्या सॉकेटाच्या पुण्याईवर जिंकला.

आधी पेंटियमची कर्तबगारी पाहू, कारण ती अगदीच नव्हती असं नाही. पेंटियम हे नाव १९९३ साली बाजारात आलं. त्याच्या विशीचा सोहळा इंटेलने २०१४ मध्ये केला. वाढदिवस वर्षभर उशिरा साजरा करायला मोठ्या कंपन्यांना कोणी अडवत नाही. या सोहळ्यानिमित्त ७२ डॉलरला हा प्रोसेसर आला. कोअर दोन, वेग ३.२ गिगाहर्ट्झ. खरा प्रसाद वेगळाच होता. एरवी इंटेल आपल्या प्रोसेसरचा वेग कुलूपबंद ठेवायची आणि किल्ली हवी असेल तर त्याच्या तिप्पट-चौपट किमतीचा ‘के’वाला आय५ किंवा आय७ घ्यायला लावायची. इथे कुलूपच काढलेलं. लोकांनी हा ३.२ चा प्रोसेसर साध्या हवेवरच्या कूलरने ४.५ गिगाहर्ट्झच्या आसपास पळवला आणि एका वेळी एकच काम असेल तिथे त्याने भल्याभल्यांना घाम फोडला.

८६०के कागदावर जास्त तालेवार दिसतो: चार कोअर, ३.७ गिगाहर्ट्झ, जोर लावला तर ४. पण गिगाहर्ट्झ म्हणजे पावलं किती भराभर पडतात एवढंच. प्रत्येक पावलात अंतर किती कापलं जातं हे त्यातून कळत नाही, आणि तिथे पेंटियमची ढांग लांब होती. कोअरचा हिशेबही जरा अडचणीचा. एएमडीच्या त्या घराण्यात दोन-दोन कोअरची जोडी एका मॉड्यूलमध्ये नांदायची: पूर्णांकांची गणितं ज्याची त्याने स्वतंत्र करायची, पण दशांशाची गणितं करणारा विभाग आणि दुसऱ्या पातळीची कॅश दोघांत एकच. दोन सुना, खोल्या वेगळ्या, चूल एक. दोघींना एकाच वेळी फोडणी द्यायची वेळ आली की एकीला थांबावंच लागणार. आता अशा घरात बिऱ्हाडं दोन मोजायची की एक, हा प्रश्न खरोखरच कोर्टात गेला. याच घराण्यातल्या थोरल्या, ‘आठ कोअर’वाल्या एफएक्स प्रोसेसरांवर २०१५ साली कॅलिफोर्नियात दावा लागला आणि २०१९ मध्ये एएमडीने एक कोटी २१ लाख डॉलर देऊन तो मिटवला. कोअर म्हणजे नेमकं काय, हे कोर्टाने शेवटपर्यंत सांगितलं नाही. वकिलांना मात्र कळलं असावं.

यावर ॲथलॉनवाल्यांचा आक्षेप ठरलेला असतो, आणि त्यात दम आहे: अर्धी का होईना, चार ती चार. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘फार क्राय ४’ हा गेम आला आणि दोन कोअरच्या पेंटियमवर त्याने नुसता काळा पडदा दाखवला. गेमचं एक काम थेट तिसऱ्या कोअरला नेमून दिलेलं होतं, आणि पेंटियमकडे तिसरा कोअरच नव्हता. ४.५ गिगाहर्ट्झने पळणारा घोडा दारातच उभा. हौशी लोकांनी पुढे पळवाटा काढल्या, पण ज्याने गेम खेळायलाच हे यंत्र जुळवलं होतं त्याला त्या संध्याकाळी काय वाटलं असेल ते ॲथलॉनवाले आजही मोठ्या आनंदाने सांगतात. शिवाय एव्हीएक्स नावाचा सूचनांचा संच इंटेलने पेंटियममधून काढून घेतला होता, तो ॲथलॉनमध्ये होता. पुढची जी सॉफ्टवेअर एव्हीएक्सशिवाय चालूच होत नाहीत, त्यांच्यापुढे पेंटियमचा वेग कितीही वाढवा, काही उपयोग नाही. दम धरून टिकण्याच्या परीक्षेत ८६०के पुढे होता, हे मान्य करायलाच हवं.

पण मग त्याच्या बाकीच्या खर्चाकडेही बघा. पेंटियमच्या पोटात साधं का होईना ग्राफिक्स होतं. टायपिंग, हिशेब, सिनेमा एवढं निभायचं. ८६०केच्या पोटात ते नाहीच. गंमत म्हणजे ज्या बोर्डावर तो बसतो त्या बोर्डाच्या पाठीला व्हीजीए आणि एचडीएमआयची तोंडं असतात, कारण तोच बोर्ड ग्राफिक्सवाल्या भावंडांसाठीही बनवलेला. नवा मालक मोठ्या विश्वासाने त्यात मॉनिटरची वायर खुपसतो, पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड आणल्याशिवाय ती तोंडं म्हणजे भिंतीवर रंगवलेली खिडकी. गेम खेळणारा कार्ड घेणारच होता, हे खरं. पण घरातल्या साध्या कामाच्या यंत्रासाठी तिथेच ‘स्वस्त’ हा शब्द गळून पडतो. त्यात पेंटियमचा ठरीव आकडा ५३ वॉट, ॲथलॉनचा ९५. हे आकडे उष्णतेचे, प्रत्यक्ष वीज कमी-जास्त लागते. तरी रोज चार तास भरपूर राबवलं असं धरलं तर ४२ वॉटचा फरक वर्षाला साठेक युनिट होतो. दर तुमच्या बिलावर छापलेला असतो.

पेंटियमवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. वेग वाढवणं फुकट असतं, ही त्यांची लाडकी समजूत. सोबत आलेला बुटका पंखा त्या उष्णतेला पुरत नाही, म्हणून मोठा कूलर घ्या. साधा बोर्ड कुरकुरतो, म्हणून महागडा झेड९७ बोर्ड घ्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही शिजवायला गॅस वेगळा. त्या एकूण पैशांत खराखुरा चार कोअरचा आय५ आला असता, हे लोकांना बेरीज करून झाल्यावर कळायचं. बेरीज आधी करायची पद्धत आपल्याकडे नाही.

आणि तरीही मी पेंटियमच्या बाजूने आहे, कारण जो वेग वाढवायच्या नादी लागला नाही, साध्या एच८१ बोर्डावर हा प्रोसेसर बसवून गप्प राहिला, त्याचं भलं झालं. एलजीए११५० या सॉकेटात त्याच पिढीचे आय५ आणि चार कोअर, आठ थ्रेडचा आय७-४७९०सुद्धा बसतो. चार-पाच वर्षांनी कंपन्यांनी जुनी यंत्रं काढली तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत हे आय५ ढिगाने आले. बोर्ड तोच, रॅम तीच, प्रोसेसर फक्त बदला. ८६०केच्या एफएम२+ सॉकेटात पुढे आलं ते याच कुळातलं, जेमतेम पावभर पुढे: ८८०के आणि तत्सम मंडळी. ‘एएमडीची सॉकेटं वर्षानुवर्षं टिकतात’ असं कोणी म्हणेल. ती ख्याती त्यानंतर आलेल्या एएम४ ने कमावली, तिचं व्याज मागच्या पिढीच्या खात्यात जमा होत नाही.

जुन्या बाजारात यांतलं काही घ्यायला गेलात तर एक बघा. एएमडीच्या त्या काळच्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, एफएम२+ला तब्बल ९०६. डोळ्यासमोर आडवा धरून ओळी सरळ आहेत का पाहा, वाकलेली एखादी पिन शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या टोकाने अलगद सरळ होते. इंटेलच्या पिना बोर्डावरच्या सॉकेटात असतात, केसाएवढ्या, आणि त्या एकदा वाकल्या की बोर्ड गेलाच समजा. म्हणून एकाचा प्रोसेसर तपासायचा, दुसऱ्याचा बोर्ड.

विंडोज ११ च्या यादीत दोघांपैकी कोणीच नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा दोघांपैकी एक आज नव्याने विकत घ्यावा असं कारण उरलेलं नाही. पण घरात जी३२५८ चं यंत्र असेल तर ते भंगारवाल्याला देऊ नका. बोर्डाच्या कंपनीने दिलेली चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहा, त्यातला जुना आय५ किंवा आय७ शोधा, एक एसएसडी लावा आणि लिनक्स टाका. तो पेंटियमबरोबरचा बुटका पंखा मात्र आय७ वर चढवू नका.