रकाने जुळवणाऱ्या माननीयांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय माहितीकोश-जोडणी तज्ज्ञ,
सर्व खाती, सर्व स्तर

विषय : नोंदी न चाळता जोडणी पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

दोन खात्यांचे माहितीकोश जोडताना दोन्हींकडील रकान्यांच्या लेखी व्याख्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात आणि त्या जुळल्या की आत काय भरले आहे हे न पाहता काम फत्ते झाल्याचे कळवावे, ही माननीयांची पद्धत, मुलामुलीला न दाखवता पत्रिकेवरच लग्न उरकण्याइतकी सुटसुटीत असल्याने, गौरवास पात्र आहे.

‘जन्मतारीख’ या रकान्याची व्याख्या निःसंदिग्ध आहे : व्यक्ती जन्मली तो दिवस. मात्र शाळांच्या जुन्या रजिस्टरांत 1 जून ही तारीख पानोपानी आढळते. कारण जन्माची नोंद घरात नसे, शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई आणि पहिलीच्या प्रवेशाला वय भरावे म्हणून गुरुजी अंदाजाने साल ठरवून पुढे ‘1 जून’ लिहून मोकळे होत. ही प्रवेशाच्या सोयीची तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यातून सेवापुस्तकात उतरते, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याअखेर निवृत्त होत असल्याने 31 मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची झुंबड उडते. नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच, हा नियम येथे लावल्यास एकाच गावचे दोन समवयस्क नामबंधू एकजीव होतात, तर जन्मदाखल्यावर खरी तारीख असलेला मनुष्य स्वतःशीच जुळत नाही.

‘क्षेत्र’ या रकान्याची कथा याहून उद्बोधक आहे. सातबाऱ्यावरील 1.20 म्हणजे 1 हेक्टर 20 आर (आर म्हणजे 100 चौरस मीटर). परंतु एकर-गुंठ्यांच्या जुन्या दप्तरात तोच आकडा 1 एकर 20 गुंठे, म्हणजे सुमारे 60.7 आर, एवढीच जमीन दाखवतो. संगणकाने त्याला साधा दशांश मानून 1.20 एकर असे वाचले, तर एकराचे 40 गुंठे असल्याने हिशेब 48 गुंठ्यांवर येतो आणि शेतकऱ्याचे 12 गुंठे बांध न कोरताच गडप होतात. वास्तविक एकर-गुंठ्यांच्या रकान्यात बिंदूनंतर 39 च्या पुढचा आकडा येऊ शकत नाही, हेक्टर-आरमध्ये तो 99 पर्यंत जातो. त्यामुळे पुरेशा नोंदी चाळल्या तर रकान्यातले माप कोणते, हे बहुधा आकडेच सांगून टाकतात.

तथापि व्याख्या आणि नोंद यांत तफावत निघाली की दोष व्याख्येला न देता अर्जदाराला देण्याची, आणि ‘तपशील जुळत नाही’ एवढ्या तीन शब्दांवर त्याला प्रतिज्ञापत्रासाठी तहसीलच्या फेऱ्या मारायला लावण्याची प्रथा दृढ झालेली दिसते.

सबब विनंती की, जोडणीपूर्वी प्रत्येक रकान्यात कोणते मूल्य किती वेळा आले आहे याची यादी काढावी, नोंद करणाऱ्या कारकुनाला तो प्रत्यक्षात काय लिहितो हे विचारावे, आणि व्याख्या त्यानुसार दुरुस्त करावी; तोवर जुळणी न झाल्याचा खुलासा अर्जदाराऐवजी माननीयांकडूनच मागवावा.

कळावे,
एक न जुळलेली नोंद