आम्ही मूकनाट्यात का पुढे आहोत

मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात आमच्या कॉलेजने आजवर जी काही बक्षिसं आणली, ती जवळजवळ सगळी मूकनाट्याची. प्राचार्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात ती ओळीने उभी आहेत. नॅकची समिती आली की चहा मुद्दाम त्या कपाटासमोर दिला जातो. मागच्या खेपेला समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "अभिनयाची मोठी परंपरा दिसते तुमच्याकडे." प्राचार्यांनी विनयाने मान खाली घातली. परंपरा कसली डोंबलाची! आमच्याकडे माईक चालत नाही.

ठाकुर्ली आणि कल्याणच्या मध्ये कुठेतरी आमचं कॉलेज आहे. नेमकं कुठे ते सांगत नाही, कारण मला निवृत्त व्हायला अजून अवकाश आहे. चार मजली इमारत, सकाळी कॉमर्स, दुपारी बीएमएस, आणि वर गच्चीवर पत्रे टाकून केलेलं 'बहुउद्देशीय सभागृह'. परीक्षा, रक्तदान, योगदिन, पालकसभा आणि शास्त्रीय गायन असे सगळे उद्देश तिथे पार पडतात. मी शिकवतो कॉस्टिंग. नोकरीच्या अर्जात 'छंद' या रकान्यात 'तबला' असं लिहिलं होतं, तेव्हापासून सांस्कृतिक विभाग माझ्या गळ्यात आहे. ज्यांनी 'चालणे' लिहिलं होतं, त्यांना जिमखाना दिला.

महोत्सवाच्या विभागीय फेऱ्या ऐन पावसाळ्यात असतात, म्हणजे तालमी जुलैत. जुलैमध्ये पत्र्याखाली विलंबित ख्याल म्हणायचा तर गाणाराला तबला ऐकू येत नाही, तबलजीला गाणं ऐकू येत नाही, आणि दोघं समेवर भेटलेच तर ते निव्वळ ओळखीपाळखीवर. एका वर्षी एफवायच्या मुलीने मियाँ मल्हार धरला आणि धो धो पाऊस कोसळला. पाऊस तसा सकाळपासूनच होता, त्यामुळे तिला श्रेय देता आलं नाही. शेवटी तिची तालीम जिन्याच्या मधल्या टप्प्यावर हलवली. तिथे आवाज असा काही घुमतो की मी नुसता 'सा' लावला तरी क्षणभर स्वतःबद्दल बरं मत होतं. अडचण एकच, ग्रंथालयाची वाट तीच. आलाप रंगात आला की कोणीतरी "एक्स्क्यूज मी" म्हणत तानपुरा ओलांडून जाई. सुदैवाने ग्रंथालयात जाणारी मुलं आमच्याकडे बेताचीच आहेत.

समूहगीताचं दुखणं निराळं. त्यात सहा जणांपर्यंत गायक उभे करता येतात. आमच्याकडे गाणारे चार. चौघांना उभं केलं तर चारच दिसतात आणि कॉलेज लहान आहे हे पहिल्या सुरालाच कळतं. म्हणून वर्गावर्गांतून फिरलो. पाचवा मिळाला तो उंच होता म्हणून, सहावा त्याचा मित्र होता म्हणून. पाचव्याचा सूर लागेना आणि तो लागत नाही हे सहाव्याला कळेना. शेवटी दोघांना सांगितलं, बाबांनो, ओठ हलवा, आवाज काढू नका. हे काम त्यांनी जीव ओतून केलं. गाणारे चौघं बिचारे सूर सांभाळण्यात गुंतलेले, चेहरे पेपर हातात पडल्यासारखे. हे दोघे मात्र डोळे मिटतायत, माना डोलावतायत, अंतऱ्याला हात छातीवर नेतायत. निकालानंतर एका परीक्षकांनी मला बाजूला घेतलं. "सर, गाणं ठीक. पण ती उजवीकडची दोन मुलं, काय समरस होऊन गातात हो! त्यांना सोलोला का उभं करत नाही?" पुढच्या वर्षी दोघेही मूकनाट्यात गेले.

आता, आमच्या भागात गाण्याचा दुष्काळ आहे असं कोणी समजू नये. कल्याणात गायन समाज १९२६ पासून आहे. राम मराठे ठाण्याचे. त्यांच्या नावाने ठाणे महापालिका संगीत समारोह भरवते. तलावपाळीला गडकरी रंगायतन १९७८ पासून उभं आहे, पुढे घाणेकर नाट्यगृह झालं, कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. या सगळ्याचा आम्हाला फार त्रास होतो. कारण आमच्या गॅदरिंगला मुलांच्या आज्या येतात आणि या आज्यांचे कान तयार असतात. एका वर्षी एक मुलगी भूप गात होती आणि तिचा चक्क मध्यम लागला. दुसऱ्या रांगेतल्या तिच्या आजींनी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. ऐकायला चष्मा कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्यांदा मध्यम लागला तेव्हा त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

एवढी नाट्यगृहं असताना गॅदरिंग पत्र्याखाली का, असं पालक विचारतात. भाडं, अनामत, साउंडचे वेगळे, लाइटचे वेगळे, असा हिशेब कॉस्टिंगचा माणूस म्हणून मी दरवर्षी मांडतो आणि दरवर्षी व्यवस्थापन माझं मांडणीबद्दल कौतुक करतं. शनिवार-रविवार व्यावसायिक नाटकांचे. आपल्या वाट्याला येतं ते मधल्या वारी सकाळचं सत्र. एकदा तेही करून पाहिलं. सकाळी नऊला लावणी करायची म्हणून मुली पहाटे चारला उठून नऊवारी नेसल्या होत्या. मंचावर शृंगार आणि समोर पोह्यांच्या बशा. शिट्टी वाजवायची इच्छा असलेल्या मुलांनीसुद्धा ती जांभईतच संपवली.

स्पर्धा कुठेही असो, पेटी मालडब्यातूनच न्यावी लागते. रिक्षाचं बिल अकाउंट विभाग मंजूर करत नाही. मालडब्यात भाजीच्या पाट्या, दुधाचे कॅन, कोणाचा तरी गॅसच्या शेगडीसकट संसार, आणि त्यात आमची पेटी. एकदा डोंबिवलीला एक मावशी चढल्या आणि थेट पेटीवर बसल्या. "मावशी, वाद्य आहे त्यात," मी म्हटलं. त्यांनी पेटीवर थाप मारून पाहिली. "मजबूत हाय," असं म्हणून त्या आणखी ऐसपैस बसल्या. ठाण्याला उतरून पाहिलं तर एक काळी पट्टी खाली गेलेली, ती वर यायला तयार नाही. त्या दिवशी आमच्या नाट्यगीतात कोमल गंधार नव्हता. संगीत रंगभूमीने क्षमा करावी.

पण लोकलला नुसत्या शिव्या देऊन चालणार नाही. एका गॅदरिंगला आमचा ढोलकीवाला प्रथेप्रमाणे आयत्या वेळी आजारी पडला. तेव्हा टीवायच्या एका मुलाचे वडील पुढे झाले. सकाळच्या जलद लोकलमधल्या भजनी मंडळात ते ढोलकी वाजवतात, डोंबिवली ते दादर. हात तयार, त्यात शंका नाही. फक्त लय मध्य रेल्वेची. दिव्यापर्यंत संथ, ठाणं सुटलं की दुगुन, कुर्ला मागे पडलं की गजर, आणि दादर यायच्या आत तिहाई घेऊन ढोलकी पिशवीत. आमचं कोळीनृत्य चांगलं सात मिनिटांचं बसवलेलं. काकांनी चार मिनिटांत दादर गाठलं. नाचणाऱ्या मुली तेव्हा अजून विक्रोळीला होत्या.

नंतर वडा-पाव खाताना काकांनी मन मोकळं केलं. "सर, १९१६ चा तो पारसिकचा बोगदा. गजर काय घुमायचा त्यात! २०२२ साली नव्या मार्गिका झाल्या, जलद लोकल मुंब्र्यावरून न्यायला लागले आणि बोगदा दिला मेल-एक्स्प्रेसला. आमचा घुमारा गेला, त्याचं काय?" मी त्यांना आमचा जिना दाखवला. त्यांनी मधल्या टप्प्यावर उभं राहून एकदाच टाळी वाजवली आणि डोळे मिटले. आता अधूनमधून शनिवारी ते मंडळासकट येतात. ग्रंथपालांनी लेखी तक्रार केली आहे.

तक्रारीवरून शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी आठवले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांची छापील प्रत हे गृहस्थ खिशात बाळगतात. शाळा-कॉलेजांभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद त्यात आहे, आणि अशा क्षेत्रात दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. आपण दोघं-तिघं नेहमीच्या आवाजात बोललो तरी ५० च्या वर जातो. म्हणजे सेक्रेटरींचं म्हणणं मान्य केलं तर ज्या कॉलेजसाठी शांतता राखायची, त्या कॉलेजने आपली लावणी कुजबुजत म्हणायची. प्राचार्यांचं प्रास्ताविक चालू असताना सेक्रेटरींनी मोबाइलवर मोजून मला आकडा दाखवला. विषय होता 'शिस्त'.

बरं, आवाज कमी करावा म्हटलं तर आमचा साउंडवाला. आगरी लग्नांतला मोठा माणूस. त्याच्या मिक्सरवर दोनच जागा चालतात, एक 'बंद' आणि दुसरी हळदीची. मधलं काही नाही. पसायदान हळदीच्या जागेवर ऐकण्याचा योग ज्यांना आला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. त्यातून आमच्या पत्र्याखाली माईक जरा हलला की शिट्टी मारतो. मग दीपप्रज्वलनापासून आभारापर्यंत सगळेजण माईकशी हाताच्या अंतरावरून, सापाशी बोलल्यागत बोलतात.

प्रमुख पाहुणे बहुधा मालिकेतले. मालिकेचं शूटिंग घोडबंदर रोडला, पॅकअप झाल्यावर ते निघणार, आणि संध्याकाळी घोडबंदरहून कल्याणला येणं म्हणजे काय ते या भागात सांगायला नको. ते पोचेपर्यंत वेळ काढायचा म्हणून फिशपाँड. चिठ्ठ्या आधी चाळून ठेवण्याचं काम माझ्याकडे असतं. त्यातून मी निम्म्या फाडतो. माझ्यावरची एक मात्र दरवेळी जाऊ देतो, कारण लिहिणाऱ्याला विषय समजला आहे: 'सरांच्या लेक्चरची नोंद: झोप खाते नावे, हजेरी खाते जमा.' पाहुणे आले की सेल्फी निघतात, सेल्फी संपल्या की पाहुणे निघतात.

तर अशा या सगळ्यातून मूकनाट्य उरतं. सहा मुलं, काळे कपडे, तोंडाला पांढरा रंग, पाच मिनिटं. पाऊस पडो, पेटीवर कोणी बसो, सेक्रेटरी आकडा दाखवोत, त्याचं काही बिघडत नाही. मोठ्या कॉलेजांत हौशी कलावंतांची चाळणी लावून संघ निवडतात. आमच्याकडे जो तालमीला आला तो संघात. ज्याला अगदीच काही येत नाही, त्याला झाड करतात. आमची झाडं विभागात नावाजलेली आहेत. इतका वेळ न हलता उभं राहायची सवय त्यांना लेक्चरला होते.

आमच्या संघाचं सगळ्यात गाजलेलं मूकनाट्य म्हणजे सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून लोकलमध्ये चढणं. एकाच पायावर उभे राहिलेले, दुसऱ्याच्या काखेतून घड्याळ पाहणारे, बॅग पोटाशी आणि मान तिसऱ्याच्या खांद्यावर, आणि सहाही जण दाराशी लोंबकळत एका लयीत हलणारे. एकाचाही तोल गेला नाही, एकाचाही अंदाज चुकला नाही. परीक्षकांत दक्षिण मुंबईचे एक नाट्यशिक्षक होते. त्यांनी भारावून विचारलं, "इतकं बारीक काम! बसवलंय कोणी?" मी म्हटलं, "मध्य रेल्वेने."

यंदा मात्र गायनातही उतरायचं ठरलं आहे. जिन्यातली मुलगी आता एसवायला आहे आणि तिचा सूर खरोखर चांगला आहे. पत्र्याबाहेर ऐकला तर तुम्हीही म्हणाल. तेव्हा डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण भागात कोणाच्या माळ्यावर वापरात नसलेली पेटी पडून असेल, आणि तिच्या सगळ्या काळ्या पट्ट्या वर येत असतील, तर कृपया जुलैच्या आत कळवावं. घ्यायला मी स्वतः येईन. मालडब्यातून नेणार नाही, रिक्षाने नेईन. भाडं निम्मं निम्मं.