बंदराला लागलेलं पनीर

जूनमधली दुपार. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या, समुद्र पिसाळलेला, आणि देवगडातल्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावरचे पाहुणे वेटरला विचारताहेत, "सुरमई ताजी आहे ना?" वेटर जराही न अडखळता म्हणाला, "एकदम ताजी, साहेब." १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. म्हणजे ती सुरमई एक तर पोहत हॉटेलात आली, नाही तर मे महिन्यापासून फ्रीझरमध्ये ताजेपणा सांभाळून बसली होती. पाहुण्यांनी मिटक्या मारल्या. फोटोही काढला.

मी मेन्यूकार्ड उघडलं. आठ पानं. पनीर बटर मसाला, पनीर टिक्का, व्हेज मंचुरियन, शेझवान राइस, दाल तडका. आमचं बंदर तसं मोठ्या मनाचं. वादळाचा बावटा लागला की गुजरातच्या, कर्नाटकच्या, तमिळनाडूच्या होड्या आसऱ्याला देवगडच्या खाडीत येतात. आम्ही कुणाला नाही म्हणत नाही. पण वादळ सरलं की त्या होड्या निघून जातात. पनीर मात्र इथंच नांगर टाकून बसलं आहे.

शेवटच्या पानावर 'मालवणी स्पेशल'. त्यात सुरमई, पापलेट, कोळंबी, कोंबडी-वडे. दराच्या जागी 'साइझप्रमाणे'. कुणाच्या साइझप्रमाणे, माशाच्या की गिऱ्हाइकाच्या गाडीच्या, याचा खुलासा नाही. सगळ्यांना रस्सा मात्र एकाच टोपातला, लालभडक. सुरमईला तोच, कोंबडीला तोच, अंड्यालाही तोच. हाच म्हणे मालवणी मसाला.

घराघरात चूल निराळं बोलते. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ हवं. मोरीच्या मटणाला भाजलेल्या खोबऱ्याचं, गरम मसाल्याचं वाटप. तिसऱ्या सुक्या करायच्या त्या ओल्या खोबऱ्यात. कोळंबीत चैत्र-वैशाखात कैरी पडते, एरवी सोलं. मासा बदलला की वाटप बदलतं, हे आमच्याकडे सातवीतल्या पोरीलाही ठाऊक असतं. एका ओळखीच्या हॉटेलवाल्याला मी विचारलं, तिरफळ का घालत नाही? तो म्हणाला, "घातलं होतं. गिऱ्हाईक दाणा चावतं आणि मसाल्यात खडा लागला म्हणून तक्रार करतं." झालं. गिऱ्हाइकाच्या दातासाठी गावाची जीभ बदलली.

मे महिन्यात तर याहून गंमत. गावाच्या नावानं जगभर विकला जाणारा आंबा, २०१८ साली ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं तो कोकणचा हापूस, पेट्या भरून वाशीच्या बाजाराला गेलेला असतो. आणि त्या हापूसच्या गावात आमरस मागितला की कधी कधी डब्यातला येतो.

कुणी म्हणेल, जगाचीच ही रीत. खरं आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या बंदरगावांत पर्यटक समुद्राकडे तोंड करून 'फिश अँड चिप्स' खातो. त्यातला कॉड बहुतेकदा आइसलँड-नॉर्वेकडून आलेला, आणि तिथल्याच पाण्यात पकडलेला खेकडा आणि बांगड्याचा चुलतभाऊ बराचसा परदेशी रवाना झालेला. देवगडचा किल्ला इंग्रजांनी १८१८ साली घेतला. १९४७ साली ते गेले, पण ही चाल बहुधा इथंच विसरून गेले.

परक्या जिनसांशी आमचं वैर नाही. मिरची आणि काजू पोर्तुगीजांच्या जहाजांतून आले. मिरचीशिवाय आज तिखलं होत नाही आणि ओल्या काजूंच्या उसळीशिवाय मार्च-एप्रिल सरत नाही. त्यांना आम्ही घरात घेतलं, वाटप लावलं, नांदवलं. पनीरला तसं कुणी नांदवलेलं नाही. ते सगळीकडे सारखंच लागतं, म्हणूनच सगळीकडे मिळतं.

मग त्या जूनमध्ये देवगड स्वतः काय खात होतं? सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड. दुपारी कुळथाची पिठी, भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. पाऊस लागला की टाकळ्याची भाजी, अळू, आठळ्या, पहिल्या पुरात वर येणारे चढणीचे मासे. संध्याकाळी काळ्या वाटाण्यांची उसळ आणि आंबोळी. यातलं एकही नाव त्या आठ पानांत नव्हतं. 'येवा, कोकण आपलोच आसा' म्हणून पाहुण्याला बोलवायचं आणि जेवायला बसवलं की आपलं जेवण शिंक्याला टांगून ठेवायचं, ही कुठली पाहुणचाराची तऱ्हा?

कारण सरळ आहे. पेज गरिबाची, पिठी आजाऱ्याची, सुका बांगडा वासाचा. पाहुण्यापुढे ठेवायची आपल्याला लाज वाटते. त्या हॉटेलच्या मालकालाही वाटत असावी. बिल देताना मी गल्ल्यामागे डोकावलो, तर मालक स्वतः जेवत होता. पिठी, भात आणि भाजलेला बांगडा. मी म्हटलं, "हेच मला का नाही दिलंत?" तो ओशाळला. "ह्या काय गिऱ्हाइकाक घालूचा?"

घालायचं, बाबा. तेच घालायचं.

आणि पाहुणे हो, तुम्हीही पुढच्या खेपेला कार्ड उघडू नका. सुरमई ताजी आहे का, असं तर मुळीच विचारू नका. त्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर कुठल्याच हॉटेलात मिळत नाही. विचारा, "आज काय गावला?" तारली म्हणाले तर तारली खा, पेडवे म्हणाले तर पेडवे खा. काहीच गावलं नसेल तर पिठी मागा.

पनीरला इथं पोचायला घाट उतरावा लागतो. पिठी दहा मिनिटांत होते.