दुपटेवादी आजी

लहान मूल रात्री डायपरशिवाय झोपण्यास केव्हा तयार होते, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने शरीराच्या वाढीचा असला, तरी मराठी मध्यमवर्गीय घरात तो अधिकाराचा असतो. आणि तो अधिकार कोणी न देताच स्वतःकडे घेणाऱ्या ज्येष्ठ स्त्रीला, अधिक शास्त्रीय संज्ञा उपलब्ध होईपर्यंत, ‘दुपटेवादी आजी’ म्हणणे सोयीचे ठरेल. दुपटे म्हणजे जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे शिवलेले, बाळाला गुंडाळण्याच्या आणि त्याच्याखाली घालण्याच्या कामाचे कापड. आजच्या आजीच्या घरात ते बाळंतविड्याच्या गाठोड्यापुरते उरले असले, तरी विचारसरणी म्हणून ते पूर्ण शाबूत आहे.

या विचारसरणीचे मूळ वचन असे की, ‘आमची मुलं नऊ महिन्यांची असताना शू सांगायची.’ हे वचन अगदीच निराधार नाही, हे न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. बाळ झोपेतून उठल्यावर किंवा दूध प्यायल्यावर त्याला पायांवर बसवून तोंडाने ‘शूऽऽ’ असा आवाज काढण्याची पद्धत जुनी आहे, आणि आवाज व मूत्रविसर्जन यांची सांगड बाळाच्या शरीरात खरोखर बसते. मात्र या व्यवहारात वेळेचे भान बाळाला नसून ते धरून बसलेल्या बाईला असते, त्यामुळे नेमके कोणाला वळण लागले हा प्रश्न शिल्लक राहतो. शिवाय हा सगळा दिवसाचा कारभार झाला. बॉस्टनचे बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदींवरून मुलाची तयारी पाहून वळण लावण्याची पद्धत मांडली, परंतु हे नाव आजीसमोर उच्चारल्यास त्यांनी स्वतः किती दुपटी धुतली, असा प्रतिप्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर सुनेजवळ नसते.

रात्रीचा कारभार तीन गोष्टींवर चालतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे संदेश पोहोचवणारे द्रव्य, रात्री अधिक स्रवू लागले की मूत्र कमी तयार होते. मूत्राशयाची धारणक्षमता वयाबरोबर वाढते, जिचा ढोबळ अंदाज वयात एक मिळवून तीसने गुणल्यास मिलिलिटरमध्ये मिळतो, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची क्षमता १२० मिलिलिटर, सुमारे एक कप चहाएवढी. आणि मूत्राशय भरल्याचा निरोप झोपलेल्या मेंदूने ऐकून जागे होणे, ही तिसरी गोष्ट. या तिन्हींचे मुहूर्त प्रत्येक मुलात वेगळे असतात आणि त्यांतला एकही आजीला विचारून ठरत नाही. म्हणून डायपर सलग काही दिवस सकाळी कोरडा निघणे किंवा मूल आपणहून उठून शूला जाणे, हीच तयारीची भरवशाची खूण मानली जाते. आजीची कसोटी निराळी असते. ती सकाळी डायपर तळहातावर घेऊन, बाजारात नारळ पारखावा तसा दोनदा वर-खाली करते आणि तो कितीही जड लागला तरी ‘कालच्यापेक्षा हलका आहे’ असा निर्णय देते.

निर्णयापाठोपाठ मोहीम सुरू होते. संध्याकाळी सातनंतर पाणीबंदी लागू होते, काळे तीळ आणि गूळ यांचा लाडू रोज एक याप्रमाणे ठरतो, आणि विस्तवाशी खेळणारे मूल अंथरूण ओले करते या समजुतीपायी फुलबाजीसुद्धा संशयित ठरते. गादीवर मेणकापड, त्यावर दोन गोधड्या आणि त्यांवर बिचारा नातू, असा थर रचून झाल्यावर रात्री दोनच्या सुमारास आजी, जिला गजराची गरज वयोमानाने उरलेली नसते, त्याला उचलून मोरीत उभे करते. एका पायात सपात, मान आजीच्या पोटावर कललेली, डोळे मिटलेले, आणि प्रेरणेसाठी बारीक धार सोडलेला नळ, अशा अवस्थेत नातू झोपेतच कार्यभाग उरकतो आणि आजी त्याला यश म्हणते. चादर वाचते हे खरे. परंतु मूत्राशय आजीच्या घड्याळावर रिकामे होते, त्यामुळे निरोप ऐकून जागे होण्याचा सराव मुलाच्या मेंदूला मुळीच घडत नाही. एका बाबतीत मात्र आजीला पूर्ण गुण द्यावे लागतात: ‘पोट साफ झालं का?’ हा तिचा रोजचा, घरादाराला नकोसा झालेला प्रश्न डॉक्टरही आवर्जून विचारतात, कारण मलावरोधाने फुगलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते.

लाडवाच्या कीर्तीचा उलगडा आकड्यांत सापडतो. आयुर्वेदात शय्यामूत्र म्हटली जाणारी ही अवस्था वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत विकार समजली जात नाही. पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १५ टक्के तेव्हाही रात्री अंथरूण ओले करतात, आणि अशांपैकी सुमारे १५ टक्के मुले दरवर्षी कोणत्याही उपचाराविना कोरडी होतात. साहजिकच ज्या वर्षी जो उपाय चालू असेल, त्याला काही घरांत यश हमखास लाभते, आणि अशा घरातली आजी पुढे सोसायटीभर लाडू पोहोचवते. ज्या घरात यश येत नाही तिथे दोष सुनेचा, तिच्या माहेरच्या लाडांचा किंवा वातानुकूलन यंत्राचा असतो.

आनुवंशिकतेचा विषय मात्र या आजीला मुळीच रुचत नाही. आईवडिलांपैकी एकाने लहानपणी बराच काळ अंथरूण ओले केले असल्यास मुलात तोच प्रकार आढळण्याचे प्रमाण सुमारे ४४ टक्के, दोघांनीही केले असल्यास ७७ टक्के, असे सांगितले जाते. त्यामुळे नातवाची चौकशी फार लांबली की ती मुलापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो, आणि हा धोका बहुधा दिवाळीत, फराळाच्या ताटासमोर, माहेरी आलेल्या आत्याच्या रूपाने समोर येतो. ‘आई, दादा चौथीत जाईपर्यंत त्याची गादी रोज गच्चीवर वाळत असायची की गं,’ असे आत्या सहज बोलून जाते. दादा चकली मोडण्यात गढून जातो, आणि सून इतक्या वर्षांत प्रथमच ताठ बसते.

‘उशाशी पाण्याचा तांब्या असायचा, तो लवंडायचा,’ आजी सांगते.

‘रोज?’ सून विचारते.

‘बूडच धड नव्हतं त्या तांब्याला.’