बॅटमन आणि पातळ पोह्यांचा चिवडा

"साहेब, फरशी मागवलीय का?" पार्सल उंबऱ्यावर टेकवत कुरियरवाल्यानं विचारलं. पुस्तक आहे म्हटल्यावर त्यानं आधी पार्सलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकच?" एवढंच विचारून तो लिफ्टकडे गेला.

एकच. पण ऑम्निबस. अमेरिकेत बॅटमन, स्पायडरमॅन वगैरे मंडळी दर महिन्याला वीस-बावीस पानांच्या पातळ अंकांतून येतात. असे तीस-चाळीस अंक जाड पुठ्ठ्याच्या एकाच बांधणीत कोंबले की झाला ऑम्निबस. मार्व्हलनं 2005 मध्ये 'फँटॅस्टिक फोर'पासून हा प्रकार सुरू केला. पानं हजाराच्या आसपास, तीही गुळगुळीत कागदाची, त्यामुळे वजन तीन किलोच्या घरात. डीसीच्या 'अ‍ॅब्सोल्यूट' आवृत्त्यांचा थाट आणखी वेगळा. पान मूळ अंकापेक्षा मोठं, आणि वर पुस्तक सरकवायला पुठ्ठ्याची पेटी. असलं पुस्तक हातात धरून वाचता येत नाही. मांडीवर घेतलं तर पायाला मुंग्या येतात, पोटावर ठेवलं तर दम लागतो. म्हणून जाणकार लोक ते कपाटात ठेवतात. मी जाणकार आहे.

लहानपणी आमच्याकडे वेताळ यायचा तो रद्दीच्या दुकानातून. इंद्रजाल कॉमिक्सचे ते अंक हाती पडेपर्यंत त्यांचं मुखपृष्ठ कुणीतरी फाडून नेलेलं असायचं आणि शेवटचं पान कुणीतरी भेळेला वापरलेलं असायचं. वेताळ जिंकला असणारच, असं गृहीत धरून आम्ही झोपायचो. त्या दिवसांचा मी आता सूड घेतोय, असं मी बायकोला सांगतो. "कुणावर?" असं ती विचारते.

या छंदात वाचन सोडून पुष्कळ काम असतं. बांधणी शिवलेली आहे की नुसती गोंदानं चिकटवलेली? दोन पानांवर पसरलेलं चित्र मधल्या खाचेत किती गडप होतं? सुपरमॅनचं नाक डाव्या पानावर, कान उजव्या पानावर आणि गाल शिवणीत, हे कधीही खपवून घ्यायचं नसतं. आतला मजकूर तोच, पण वरचं जॅकेट दोन प्रकारचं निघालं, तर कुठलं घ्यायचं यावर झोप उडवून घ्यायची असते. पुस्तक छपाईबाहेर गेलं की भाव चढतो. त्या चढलेल्या भावात आपण घेतलं की प्रकाशक नवी आवृत्ती काढतो. यात आजवर माझ्या बाबतीत खंड पडलेला नाही.

मी एकटाच असा नाही, हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो. 1991 साली 'एक्स-मेन'चा पहिला अंक निघाला तो पाच मुखपृष्ठांत. चार वेगवेगळी, जोडली की एक मोठं चित्र होणारी, आणि पाचव्यावर तेच मोठं चित्र अखंड. ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढच्याच वर्षी सुपरमॅन मेला. तो अंक काळ्या पिशवीत सीलबंद, आत दंडाला बांधायची काळी फीत. पिशवी फोडली की मोल गेलं, म्हणून लोकांनी वाचायला एक आणि ठेवायला एक अशा प्रती घेतल्या. सगळ्यांनीच इतक्या जपून ठेवल्या की त्या दुर्मीळ व्हायच्या राहूनच गेल्या.

तर फरशी उघडली. स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कपुलो या जोडीचा बॅटमन, 2011 पासूनचा. हात धुऊन, पुसून, पलंगावर जुनी चादर पसरून मी तपासणी सुरू केली. हापूसची पेटी आली की आपण तळाचा थर आधी बघतो, तसं मी कोपरे, कणा, शिवण सगळं बघितलं आणि मग एकेक पान उलटू लागलो. पाचव्या अंकापाशी आलो आणि छातीत धस्स झालं. पानं आडवी! पुढे तर चक्क उलटी, बॅटमन डोक्यावर!

मी बायकोला मोबाइल धरायला लावला आणि पुराव्यादाखल समालोचनासह व्हिडिओ काढला. दुकानाच्या फोनवरचा मुलगा फार नम्र होता. "बापरे सर, खरंच उलटी आहेत," म्हणाला. त्यानं लगेच दुसरी प्रत रवाना केली. खराब प्रत माणूस येऊन घेऊन जाईल, असंही सांगितलं.

दुसऱ्या प्रतीतही तेच. तेव्हा हा सबंध आवृत्तीचाच घोटाळा आहे आणि तो उघडकीला आणण्यासाठी नियतीनं माझीच निवड केली आहे, हे माझ्या लक्षात आलं. मी प्रकाशकांना उद्देशून कडक इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं.

पत्र दुसऱ्या पानावर असताना भाची दिवाळीसाठी आली. "मामा, हे उघडलेलं आहे? वाचू?" परत जाणारीच प्रत ती, वाच म्हटलं. ती जमिनीवर पालथी पडली, शेजारी चिवड्याची वाटी. थोड्या वेळानं पाहतो तर बाई पुस्तक गोल फिरवतायत.

"अगं, ती पानं चुकून लागलीत."

"चुकून कसली? त्या घुबडांच्या टोळीनं त्याला गॉथमच्या खाली भुलभुलैयात कोंडलंय ना! कितीतरी दिवस. पाण्यात काहीतरी मिसळलंय, त्याला दिशाच कळेनात. म्हणून आपल्यालाही पुस्तक फिरवावं लागतं. मग उलटं झालं की पानंही उलट्या बाजूनं उलटायची. कसलं भारी आहे! तू वाचलं नाहीस?"

"तपासलंय," मी म्हणालो.

ती हसेल असं वाटलं होतं, पण तिला पुढचं पान उलटायची घाई होती. त्याच घाईत मला तिचा अंगठा दिसला. हळदीचा, तेलाचा, पातळ पोह्यांचा. आणि वेड लागत चाललेल्या ब्रूस वेनच्या कपाळावर त्याचा ठसा, सुबक आणि पिवळाधमक. मग शिवणीत शेंगदाण्याची पाकळी दिसली. ही प्रत आता कुठलंही दुकान परत घेणार नव्हतं.

पत्र पुसून टाकलं. दुसऱ्या प्रतीचे पैसे भरले. "दोन-दोन घेतलीत?" या प्रश्नावर मी बायकोला 1992 च्या अमेरिकेचा दाखला दिला. तो तिला पटला नाही. कपाटाची फळी आधीच मधून वाकलेली असल्यामुळे एक प्रत फ्रिजवर गेली.

संध्याकाळी दुकानातून त्या मुलाचा फोन आला. पैसे मिळाले होते, पण खराब प्रत परत न देता हे गृहस्थ तिचेही पैसे का देतायत, हे काही त्याला उमगत नव्हतं.

"सर, मग ती पानं?" त्यानं काळजीनं विचारलं. "सरळ झाली का?"

"हो," मी म्हणालो, "झाली."