दुमडीचं गणित

गणपतीला मुंबईहून धाकट्या भावाचं सगळं खटलं येणार असलं की आमच्या देवरुखच्या घरात नाना दोष दिसू लागतात. यंदा पहिला मान स्वयंपाकघराच्या खिडकीचा होता. "अहो, तिला पडदा हवा. वाटेने जाणारा येणारा आमटीत काय पडलंय ते बघून जातो," ही म्हणाली. बाजारातल्या शिंप्याकडे गेलो, तर तो ब्लाउजांच्या ढिगाऱ्यामागे जेमतेम दिसत होता. मान वर न करता म्हणाला, "पडदे? दसऱ्यानंतर." मी ठरवलं, घरीच शिवू. तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाला एका आयताची भीती कसली?

पण तो आयत नव्हताच. जांभ्याच्या भिंतीतली ती खिडकी डावीकडे 41 इंच भरली, उजवीकडे 42. काटकोन एकही नाही. आमचा गवंडी त्या दिवशी गुण्या घरी विसरला असावा.

गॅसजवळ नायलॉन नको म्हणून सुती कापड आणलं. खिडकीची रुंदी 36 इंच, कापडाचा पन्हाही 36 इंच. मला हा शुभशकुन वाटला. "आणि चुण्या?" हिने विचारलं. चुण्या पडायच्या तर कापड खिडकीच्या दीडपट-दुप्पट लागतं, म्हणजे दोन पन्हे जोडायचे. वर दांडीसाठी नेफा, खाली दुमड. हे सगळं मी उंचीत धरलंच नव्हतं. मुलांना "आकृती नीट काढा" म्हणून मी जन्मभर ओरडलो. स्वतः मात्र विडीच्या पाकिटावर आकडेमोड करून दुकानात गेलो होतो. परत जाऊन तीन मीटर कापड आणलं.

दुकानदाराने बजावलं होतं, "कापायच्या आधी भिजवून वाळवा हां, आटतं ते." आता श्रावणात देवरुखात रुमाल वाळायला दोन दिवस लागतात. तीन मीटर कापड वाळलं असतं ते दसऱ्याला, म्हणजे शिंप्याच्याच मुहूर्तावर. मी ती पायरी गाळली. अशी पायरी गाळणाऱ्या पोरांचे मी अर्धे गुण कापत असे.

आईचं काळं पायमशीन माळ्याखालून काढलं, तेल घातलं, पट्टा चढवला. साध्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं पुढच्या. वरचा धागा सुईबरोबर खाली जातो, खालच्या बॉबीनच्या धाग्याला विळखा घालून वर येतो आणि दोघांची गाठ कापडाच्या मधोमध पडते. हे मी वाचून काढलं होतं. पण मशीनने काही वाचलेलं नव्हतं. पाय जरा चुकला की चाक उलटं फिरे आणि धागा तुटे. नाहीच तुटला, तर कापडाखाली चिमणीचं घरटं तयार होई. 1831 मध्ये पॅरिसच्या शिंप्यांनी, पोटावर पाय येईल म्हणून, तिमोनिए नावाच्या माणसाची शिवणयंत्रं फोडली होती. मला शिवताना बघितलं असतं तर ते निवांत घरी जाऊन झोपले असते.

हिला धीर यावा म्हणून गांधीजींची गोष्ट सांगितली. यंत्रांविरुद्ध इतकं बोलणाऱ्या गांधीजींनी 1924 मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला मात्र सूट दिली होती. बायकोचे शिवताना होणारे हाल बघवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी ते केलं, असं ते म्हणाले होते. "मग तुम्ही पण प्रेमापोटी उठा तिथून," ही म्हणाली आणि खालची दुमड तिने स्वतः मारली. सिंगरचं प्रेम बऱ्याच ठिकाणी वाटलेलं होतं आणि त्याला मुलं वीसच्या वर होती, हे मी तिला सांगितलं नाही.

पडदा झकास झाला. एक बाजू इंचभर लोंबत होती, पण खिडकीही तशीच असल्यामुळे ते मुद्दाम केल्यासारखं दिसे. भावजयीने मोबाइलवर फोटो काढला. फक्त शेजारच्या वहिनी एकदम पुढच्या दाराने येऊ लागल्या, पायरीवर चपला काढून, पाहुण्यासारख्या. वीस वर्षं त्यांची वाटी त्या खिडकीच्या गजांमधून आत येत होती, कधी अळूचं फदफदं, कधी फणसाची भाजी, आणि आमची वाटी तिथूनच परत जात होती. "आता बेल वाजवायची का हो, भावोजी?" त्यांनी विचारलं. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. बाहेरून दुसऱ्याच्या घरचा पडदा बाजूला सारणाऱ्यातल्या त्या नव्हेत. त्या आठवड्यात आमच्याकडे एकही वाटी आली नाही. वाटसरूंना आमच्या आमटीत काडीचाही रस नव्हता, हेही तेव्हाच कळलं.

गौरी-गणपती गेले. पडद्यावर फोडणीचे शिंतोडे उडाले होते, म्हणून पितृपक्षात जरा ऊन पडल्यावर हिने तो धुतला. वाळल्यावर दांडीवर चढवला, तर तळ उघडा! दुकानदाराचा शब्द खरा ठरला होता. मी टेप आणली.

पडदा आता चौकटीच्या साडेतीन इंच वर थांबतो. वहिनींची वाटी दोन इंच उंच आहे.