कडेकोट

हा गृहस्थ कॅमेऱ्याच्या दुकानात शिरला की जुना विक्रेता चहा सांगायला जातो आणि नव्या पोराला पुढे करतो. गृहस्थ लेन्स मागून घेतो, स्वतःच्या कॅमेऱ्यावर चढवतो आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्या टिपतो. मग फोटो मोठा करून, मधल्या भागाकडे ढुंकूनही न बघता, थेट उजव्या वरच्या कोपऱ्यात घुसतो.

"बघा, गज विरघळलाय."

पोरगा बघतो. त्याला गज दिसतो. "सर, छिद्र लहान करून एफ/८ला काढून बघा," तो सुचवतो. "एफ/८ला बाटलीचं बूडही शार्प येतं," असं उत्तर मिळतं.

मुलीच्या लग्नात पत्रिकेला हात न लावलेला हा सुधारक लेन्सची पत्रिका मात्र बारकाईने बघतो. मध्यापासून कोपऱ्यापर्यंत लेन्स किती तीक्ष्ण, हे सांगणाऱ्या या पत्रिकेला एमटीएफ आलेख म्हणतात. फुल फ्रेम सेन्सरचा कोपरा मध्यापासून २१.६ मिलिमीटरवर असतो. मिलिमीटरला ३० रेघांची आलेखरेषा अठरा मिलिमीटरच्या पुढे घसरली की स्थळ नापसंत.

पत्रिका जमली तरी विटांच्या भिंतीसमोर परीक्षा उरतेच. कॅमेरा जरा तिरका राहिला तर एक बाजू धूसर येते आणि निरपराध लेन्स बदनाम होते. म्हणून तो भिंतीवर छोटा आरसा चिकटवतो आणि त्यात लेन्सचं प्रतिबिंब फोटोच्या बरोबर मधोमध येईपर्यंत ट्रायपॉडशी झटतो. तीन कोपरे लख्ख आणि एकच मऊ आला, तर आतलं एखादं भिंग जागचं सरकलंय, असं समजायचं. सोसायटीच्या वॉचमनला हे आता पाठ झालंय.

माणूस खुळा असेल, पण त्याचं भौतिकशास्त्र पक्कं आहे. साधं भिंग प्रतिमा वक्र पृष्ठावर पाडतं, सेन्सर मात्र सपाट; मध्य जुळवला की कडा सुटतात. पेट्झवालच्या १८४०च्या पोर्ट्रेट लेन्समध्ये चेहरा लख्ख यायचा आणि कडेची झाडं गरगरायची. १८९६मध्ये झाइसच्या पाउल रुडॉल्फने सपाट प्रतिमेसाठी 'प्लॅनार' रचली. रुडॉल्फचं नाव घेताना गृहस्थ कानाच्या पाळीला हात लावतो. तीच गरगरती पेट्झवाल नव्याने घडवून घ्यायला २०१३मध्ये लोकांनी आगाऊ पैसे भरले, हे त्याच्यासमोर बोलू नये.

भाचीच्या लग्नात हॉल लहान आणि गोतावळा मोठा, म्हणून त्याने १६ मिलिमीटरची लेन्स लावली. सरळ रेषा सरळच ठेवणारी वाइड लेन्स कडेच्या गोल वस्तू बाहेर ताणते. अगदी काठावरचं डोकं जवळजवळ दीडपट रुंद येतं. काठावर नेमक्या आत्या होत्या. फोटो बघून त्यांनी अबोला धरला, तर हा त्यांच्याच नथीतला एकेक मोती मोजून सगळ्यांना दाखवत सुटला. मधोमध बसलेल्या नवरीचे डोळे मिटलेत, हे तिच्या सासूबाईंनी सांगितल्यावर त्याला कळलं.